घर सोडणे, घर नेणे : एकट्याच्या प्रवासाची नीती

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठी माणूस सहसा कौतुकाने वापरीत नाही. बदलीच्या नोकरीत दर तीन वर्षांनी गाव बदलणारा कारकून, फडाबरोबर फिरणारा तमासगीर, हंगामापुरता येऊन जाणारा मजूर यांच्याविषयी ती किंचित कीव आणि किंचित संशय अशा मिश्र स्वरात उच्चारली जाते. ज्याला ठाव नाही त्याच्या शब्दालाही ठाव नसावा, असा गावगाड्याचा एक अलिखित न्याय तिच्यामागे उभा आहे. अलीकडच्या काळात मात्र या म्हणीचे मूल्य पालटू लागलेले दिसते. मोटारीची मागची आसने काढून त्या जागी फळीची शय्या, कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी, एवढ्या सामग्रीनिशी एकट्याने महिनोन्महिने रस्त्यावर राहणे हा सुशिक्षित मध्यमवर्गाच्या काही थरांत स्पृहणीय जीवनक्रम ठरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. या जीवनक्रमाच्या समर्थनार्थ जी भाषा योजिली जाते ती लक्षणीय आहे. मुक्ती, अपरिग्रह, आत्मशोध, अनासक्ती हे तिचे शब्द आहेत, आणि ते संन्यासाच्या कोशातून आलेले आहेत.

हा शब्दव्यवहार वारसाहक्काने आलेला आहे की उसनवारीचा, हा प्रस्तुत निबंधापुढील प्रश्न आहे. घर सोडून एकट्याने हिंडणारा परिव्राजक आणि घर बरोबर घेऊन एकट्याने हिंडणारा वाहनस्थ प्रवासी, या दोघांच्या एकटेपणाची नैतिक घडण एकच आहे का? प्रश्न अमूर्तात सोडविण्यापेक्षा एका भूप्रदेशात ठेवून पाहावा, आणि त्यासाठी जालना जिल्हा विशेष सोयीचा आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून (परतूरचा भाग परभणीतून) वेगळा झालेला हा जिल्हा. त्याची दक्षिण सीमा गोदावरीची, आणि त्याच बाजूला घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव.

जांबेचा नारायण सूर्याजी ठोसर (जन्म १६०८) लग्नाच्या बोहल्यावरून, भटजींचा ‘सावधान’ हा शब्द ऐकताच निघून गेला, ही कथा मराठी मुलांना शाळेतच कळते. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे, नंतर बारा वर्षे तीर्थाटन, आणि १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आगमन, असा समर्थ रामदासांच्या चरित्राचा परंपरामान्य आराखडा आहे. या चरित्राचे वाचन आपण बहुधा निघून जाण्याच्या बाजूने करतो. पळून जाणारा मुलगा आपल्या दृष्टीच्या केंद्रस्थानी राहतो, मंडप मागे पडतो. मंडपात राहिलेल्या मुलीविषयी चरित्रकार जवळजवळ मूक आहेत. तिचे पुढे दुसरीकडे लग्न झाले, एवढे एखादे वाक्य आले तर आले. एकट्याच्या प्रस्थानाचा पहिला नैतिक परिणाम असा असतो : जे मागे राहते ते कथेबाहेर जाते.

परंतु परंपरा एका ठिकाणी मूक राहिलेली नाही, आणि ते ठिकाण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तीर्थाटन आटोपून रामदास जांबेस येतात. स्वतःच्याच घराच्या दाराशी ते गोसाव्याच्या वेषात उभे राहून भिक्षेचा पुकारा करतात. आत आई, राणूबाई, मुलाच्या वियोगाने रडून रडून आंधळी झालेली. तिला आवाज ओळखीचा वाटतो. मग ओळख पटते आणि मुलाच्या स्पर्शाने तिला दृष्टी येते. इतिहास म्हणून या कथेची किंमत किती, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा आहे तो तिच्या रचनेचा. भक्तांनी रचलेल्या या कथेने आईला आंधळे का केले? ज्या मुलाचे जाणे ईश्वरी योजना म्हणून गौरवायचे, त्याच्या जाण्याची इतकी जबर किंमत कथेत नोंदविण्याचे कारण काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे परंपरेच्या मनातील एक न फिटलेले देणे बोलते आहे. चमत्काराने ते फेडले गेले असे कथा म्हणते. परंतु फेडण्यासाठी आधी देणे मान्य करावे लागते, आणि आंधळेपण ही त्या देण्याची कबुली आहे.

तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुत्र येतो तो घरात नव्हे, दाराशी येतो. चोवीस वर्षांनी स्वतःचे घरही त्याला एक परके दार झालेले आहे आणि त्या दाराशी तो याचक आहे. परिव्राजकाने घर सोडले म्हणजे नेमके काय केले, हे या एका दृश्यात स्पष्ट होते. त्याने स्वतःच्या दाराचा हक्क सोडला आणि इतर सर्व दारांशी उभे राहण्याचे बंधन पत्करले. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. तेथे रामदास नित्य नव्या ठिकाणी हिंडण्याचा आणि भिक्षेचा असा काही सांधा जुळवितात की एकाशिवाय दुसरे शोभू नये. भिक्षा हे उदरभरणाचे साधन तर आहेच, परंतु ते लोकांना जाणून घेण्याचे निमित्तही आहे. थोडे घ्यावे, घरे पाहावीत, माणसे पारखावीत. म्हणजे भिक्षा ही एक ज्ञानपद्धती आहे, आणि तिची पूर्वअट अशी की विचारणाऱ्याचे हात रिकामे असले पाहिजेत.

महानुभावांच्या आचारधर्मात हेच सूत्र अधिक काटेकोर रूपात आढळते. चक्रधरांनी अनुयायांना जो आचार सांगितला त्यात अटन, विजन आणि भिक्षा एकमेकांना लागून येतात. विजन म्हणजे निर्मनुष्य जागी बसणे आणि भिक्षा म्हणजे माणसांच्या दाराशी जाणे. एकान्त आणि याचना एकाच दिवसाच्या कुशीत बसविलेली आहेत. साधकाने दिवसाचा काही भाग कोणाचेही तोंड पाहू नये आणि त्याच दिवशी अनोळखी माणसाचे तोंड पाहिल्याशिवाय जेवूही नये. एकान्ताचा अहंकार होऊ नये यासाठी केलेली याहून साधी योजना क्वचितच आढळेल. धर्मशास्त्रांनी संन्याशाला गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री अशी मर्यादा घातली, तीही याच जातीची. यजमानावर भार पडू नये आणि पाहुण्याला ते दार आपले वाटू नये, असे दोन्ही हेतू तीत आहेत. ‘अतिथी’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्तीही ज्याच्या येण्याला तिथी नाही अशी केली जाते. न जाण्याची तिथीही त्याला नसते, हे त्यात गृहीत आहे.

लीळाचरित्राच्या वाचकाला येथे आणखी एक गोष्ट सुचावी. या ग्रंथाच्या पहिल्या भागाला ‘एकांक’ म्हणतात. शिष्यपरिवार जमण्यापूर्वी चक्रधर एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा त्यात आहेत. पूर्वार्धातील आणि उत्तरार्धातील लीळांना साक्षी आहेत. कोणी पाहिले, कोणी ऐकले, याचा म्हाइंभटाने कसोशीने शोध घेतला. एकांकाला मात्र स्वतः चक्रधरांखेरीज साक्षी असणे शक्यच नव्हते. पुढे केव्हातरी, प्रसंगाने, भक्तांशी बोलताना त्यांनी जे सांगितले तेच एकांक झाले. एकट्याच्या प्रवासाची संहिता एकट्याला निर्माण करता येत नाही, असे हे साहित्यप्रकाराचे सत्य मराठी गद्याच्या आरंभीच नोंदविले गेले आहे. कोणीतरी विचारावे लागते आणि कोणीतरी ऐकावे लागते. स्थानपोथीने तर पुढे जाऊन या बेघराच्या प्रत्येक थांब्याचा नकाशा केला. गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळात, दार कोणीकडे. अवस्थान, वसतिस्थान, आसनस्थान असे शब्दही पंथाने घडविले. कोठे दीर्घकाळ राहिले, कोठे एक रात्र, कोठे नुसते बसले, यांत फरक करावा असे त्यांना वाटले. थांबण्याच्या कालमानाला इतकी सूक्ष्म परिभाषा देणारा दुसरा प्रवासवाङ्मयाचा प्रकार मराठीत नाही.

या पार्श्वभूमीवर वाहनात राहणारा प्रवासी आणून उभा करावा. त्याला भिक्षेची गरज नाही, कारण शेगडी त्याच्याजवळ आहे. ओसरीची गरज नाही, कारण शय्या आहे. पाणीही टाकीत आहे. गावात तो थांबतो, परंतु गावाकडे काही मागत नाही. त्याने घर सोडलेले नाही. त्याने पाहुणेपण सोडले आहे. रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये ज्यूल व्हर्नच्या नॉटिलस या बोटीचे जे विश्लेषण केले ते येथे लागू पडते. बोट हे दूर जाण्याचे प्रतीक आहे असे आपण समजतो, परंतु व्हर्नच्या सृष्टीत ती आधी निवारा आहे. तिचा खरा आनंद बंदिस्तपणाचा, सगळे हाताशी असण्याचा, काचेआडून बाहेरचा अफाट समुद्र सुरक्षितपणे पाहण्याचा आहे. बार्थ तिच्यासमोर रँबोची झिंगलेली नौका ठेवतो. ती कोणाच्या ताब्यात नाही, ती स्वतःच ‘मी’ म्हणते. वाहनस्थ प्रवासाची भाषा रँबोची आणि रचना व्हर्नची आहे. मुक्तीचे शब्द आणि लहान मुलाने पलंगाखाली मांडलेल्या घराचे सुख, असा हा संयोग आहे. बाख्तिनने कादंबरीतील रस्त्याला भेटीगाठींचा कालावकाश म्हटले. परस्परांपासून सामाजिक अंतराने तुटलेली माणसे रस्त्यावर एकत्र येतात, म्हणून कथेला रस्ता लागतो. घर बरोबर नेणाऱ्याच्या रस्त्यावर दृश्ये पुष्कळ येतात. भेटी येतातच असे नाही.

येथवरचा युक्तिवाद मान्य केला तर निष्कर्ष सोपा आहे : परिव्राजक थोर, वाहनस्थ प्रवासी त्याची नक्कल. इतक्या सोप्या निष्कर्षाविषयी संशय घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. भिक्षेची ही सगळी नीती एका गृहीतावर उभी आहे. दार उघडते, निदान उघडू शकते, हे ते गृहीत. ते कोणासाठी खरे होते?

एकट्या स्त्रीसाठी ते फारसे खरे नव्हते. महदाइसा, आउसा या महानुभाव स्त्रियांनी वाटा तुडविल्या हे खरे आणि ते त्या पंथाचे मोठेपण आहे. पण परक्या ओसरीवर रात्र काढण्याचा परिव्राजकाचा सहज अधिकार सामान्य स्त्रीला समाजाने कधी दिला नाही. आतून कडी लावता येणारे वाहन तिच्यासाठी चैन नसून एकान्ताची किमान अट असू शकते. व्हर्जिनिया वूल्फने १९२९ मध्ये स्त्रीच्या लेखनासाठी स्वतःची खोली मागितली तेव्हा त्या खोलीच्या कुलपाचाही मुद्दाम उल्लेख केला. कुलूप म्हणजे स्वतःपुरता विचार करण्याची सत्ता. जे रामदासांनी उघड्या आभाळाखाली मिळविले ते दुसऱ्या कोणाला दार लावूनच मिळत असेल, तर दार लावण्याला आत्ममग्नता म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या टिपणात, जे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले, बालपणीचा, १९०१ च्या सुमाराचा एक प्रवास आहे. मसूर स्थानकावर उतरलेल्या मुलांना घ्यायला कोणी आलेले नाही. जात कळल्यावर भाड्याची गाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाली ती मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर. बरोबर डबाभर अन्न आहे, परंतु पाणी नाही. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. बैल सोडलेली गाडी जमिनीला टेकविली गेली आणि तिच्या फळ्यांवर अंथरूण टाकून मुले उपाशी झोपली.

वाहनात काढलेल्या या रात्रीला मुक्तीचा कोणता शब्द लावावा? ही मुले वाहनात राहिली कारण त्यांच्यासाठी दार नव्हते. याचना त्यांनीही केली होती. परिव्राजकाच्या याचनेत जो नम्रतेचा संस्कार आपण पाहिला तो येथे नुसता अपमान आहे, कारण नकार माणसाला नसून त्याच्या जन्माला आहे. कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधात पाहुणेपणाचा हक्क आणि भेट देण्याचा हक्क असा भेद केला. परक्याला घरात ठेवून घेण्यास कोणी बांधलेला नाही, परंतु पृथ्वी गोल आणि मर्यादित असल्यामुळे तो दाराशी आला एवढ्यावरून त्याच्याशी वैर करता येणार नाही, आणि त्याचा नाश होणार असेल तर त्याला परतवताही येणार नाही. जकातनाक्यावर नाकारले गेले ते पाहुणेपण नव्हते, पाणी होते. याच टिपणात १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरील प्रसंगही आहे. तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांच्यावर लोक चालून आले. तो प्रदेश निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा, आजचा जालना ज्याचा भाग होता. जांबेचे दार आणि दौलताबादचे तळे एकाच जिल्ह्यात होते, हे आपल्या नीतिचर्चेने विसरू नये.

तेव्हा परिव्राजकाची नीती टाकून द्यावयाची नाही, परंतु तिची अट उघड करावयाची आहे. दुसऱ्याच्या दारावर अवलंबून राहणे हे मूल्य त्याच्याच बाबतीत ठरते, ज्याला ते दार बंद होण्याचे भय नाही. ज्याला असे भय नाही आणि तरीही जो दार टाळतो, त्याच्या अपरिग्रहाची तेवढी चिकित्सा करावी. त्याने काय सोडले हे विचारण्यापेक्षा कोणाला काही मागण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याने काय काय बरोबर घेतले, हे विचारणे अधिक फलदायी आहे.

भटक्यांच्या आत्मकथनांनी या चर्चेला दोन नेमके शब्द दिले आहेत आणि ते त्यांच्या शीर्षकांतच आहेत : लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०) आणि दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ (१९८३). गबाळ म्हणजे जे बरोबर न्यायचे ते, आणि उपरा म्हणजे जेथे पोचावे तेथल्यांनी आपल्याला द्यायचे नाव. या दोन्ही कथनांत एकटा प्रवासी नाही. बिऱ्हाड आहे, पोरेबाळे आहेत, जनावरे आहेत. याच लोकांतील अनेक जमातींवर ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत हजेरी आणि परवाना यांच्यात त्यांचे हिंडणे जखडून टाकले. हिंडण्याचे कौतुक होण्यासाठी हिंडणाऱ्याला परत जाण्याजोगे घर कोठेतरी असावे लागते, असा एक कुरूप संकेत यातून हाती येतो. जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे तेथून आणि शेजारच्या अंबडमधून दरवर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये संसार चढवून माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. एकटेपण हे जेथे पूर्णत्वाचे नव्हे तर अपुरेपणाचे माप आहे, असा हा व्यवहार आत्मशोधाच्या परिभाषेपासून किती दूर आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आज या जिल्ह्यात एकट्याने, वाहनात राहून, महिनोन्महिने रस्त्यावर असणारा माणूस शोधायचा तर तो हौशी प्रवासी नव्हे. तो ट्रकचालक आहे. जालन्यात भंगार येते, भट्ट्यांत वितळते, आणि सळया होऊन बाहेर जाते. येणारे आणि जाणारे दोन्ही ट्रकवर. चालकाच्या केबिनमध्ये देवाची तसबीर, वळकटी, दोरीवर वाळणारा कपडा, कधी छोटा स्टोव्ह असतो. ते त्याचे बिऱ्हाड. पूर्वी त्यात दुसरा माणूस असे, क्लीनर किंवा जोडीचा चालक. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी राष्ट्रीय परवान्याच्या अवजड वाहनावर किमान दोन चालक आवश्यक ठरविले होते आणि दुसऱ्या चालकाला पाय पसरून झोपता यावे म्हणून चालकामागे पूर्ण रुंदीचे आसनही सांगितले होते. नोव्हेंबर २०१८ मधील दुरुस्तीने दोन चालकांची ही अट काढून टाकली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मर्यादा होती. पण केबिनमधला दुसरा माणूस गेल्यावर त्या मर्यादेचा साक्षी कोण? ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मालट्रकांच्या केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. ही चांगली गोष्ट आहे आणि तिला उशीरच झाला. व्हर्नच्या नॉटिलसला मात्र एक काच वाढली.

रस्ताही बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरची वाट सलग झाली. ती जालना जिल्ह्यातून जाते, परंतु गावांतून जात नाही. ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येणाऱ्या या रस्त्याच्या कडेला दार असे नसतेच. जुन्या रस्त्यावर निदान ढाबा होता. तेथे बाजेवर पडता येई, ताटात वाढणारा पोऱ्या ‘कुठून आलात’ असे विचारी. बाख्तिनचा भेटीगाठींचा रस्ता येथे अभियांत्रिकीनेच रद्द केला आहे. या चालकाने घर सोडण्याचे व्रत घेतले नाही आणि घर नेण्याची हौसही केली नाही. एका नियमाने त्याला एकटे केले.

त्याच्याही प्रवासाचा एकांक असणार. मराठी आत्मकथनांच्या समृद्ध प्रवाहात त्याचा आवाज क्षीण आहे. याचे कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे नाही हे नव्हे. म्हाइंभटाला ऐकणारे भेटले, कारण चक्रधरांभोवती संध्याकाळी माणसे बसत. चालकाजवळ रात्री बसणारा तो दुसरा माणूसच होता. त्याने पाहिलेले अपघात, ओलांडलेले घाट, घरी झालेल्या मुलाची बातमी रस्त्यात कोठे कळली, हे सगळे तो झोप टाळण्यासाठी ऐकत असे आणि स्वतःचेही सांगत असे. त्याच्या निजण्यासाठी सांगितलेल्या आसनावर आता ताडपत्री, दोरखंड आणि पाण्याचा कॅन ठेवलेला असतो.